धूसर हेडलाइट: बल्ब बदलण्याआधी काच घासा

चंद्रपूर-मूल रस्त्यावर किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात रात्री गाडी चालवणाऱ्यांनी पिवळट हेडलाइटकडे दुर्लक्ष करू नये. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर पुढे जाते. चितळ किंवा रानडुक्कर एक सेकंद उशिरा दिसलं, तर तेवढं अंतर हातचं गेलं. ‘जास्त वॅटचा बल्ब टाकू’ म्हणाल, तर धूसर काच तो प्रकाशही विखुरते. रस्ता फारसा उजळत नाही, समोरच्याचे डोळे मात्र दिपतात.

आजच्या गाड्यांची ही ‘काच’ म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक. त्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजतो, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर 45 अंशांपुढे जातो. म्हणून तो मेलेला थर काढणं हाच खरा उपाय. काच धुवा, भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा. मग पाणी मारत आधी 1000, नंतर 2000 आणि शेवटी 3000 नंबरच्या वॉटर पेपरने घासा आणि पॉलिश करा.

घासल्याने संरक्षण जातं, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच शेवटी यूव्ही क्लिअर कोट हवाच. टूथपेस्टने चमक येते, पण संरक्षण मिळत नाही, त्यामुळे धूसरपणा लवकर परततो. आतून ओल किंवा तडे असतील, तर मात्र घासून उपयोग नाही.