वाघांचे फोटो आणि टेराबाइटचा हिशेब

पारशिवनी तालुक्यातल्या कोलितमाऱ्याहून पेंचच्या जंगलात शिरता येतं. इथले वाघ कॅमेरा ट्रॅपने, अंगावरच्या पट्ट्यांवरून मोजतात. याच पद्धतीने झालेल्या २०१८-१९च्या देशव्यापी गणनेत ३,४८,५८,६२३ फोटो निघाले. त्यात वाघांचे फक्त ७६,६५१!

एक फोटो २ एमबीचा धरला, तर एकूण साधारण ७० टेराबाइट. हे जेपेग फोटो जेपेग एक्सएल या फाइल-प्रकारात बदलले की सुमारे २० टक्के, म्हणजे १४ टेराबाइट जागा वाचते. जीबीमागे महिना २ रुपये भाडं धरलं, तर दरमहा २८,००० रुपये वाचतात.

वेबपी या दुसऱ्या फाइल-प्रकारात बचत २५ ते ३४ टक्के, पण बारकावे पुसट होऊ शकतात. पट्टे हीच वाघाची ओळख असताना ही काटकसर नकोच. जेपेग एक्सएलमधून मूळ फाइल जशीच्या तशी परत मिळते.