खुनी ठाऊक असलेली खूनकथा

राजा, राणी, चोर, शिपाई. चार चिठ्ठ्या उडवायच्या आणि शिपायानं चोर ओळखायचा. मे महिन्याच्या दुपारी उन्हात सोडत नसत, म्हणून हा खेळ. शिपाई चिठ्ठ्यांकडे कधी पाहायचा नाही, तोंडांकडे पाहायचा. त्याची पंचाईत करायचं ते कायम खुदखुदणारं पोर. ते चोर झालं तरी हसे, राजा झालं तरी हसे.

‘द ट्रेटर्स’ हा टीव्हीवरचा खेळ याच जातीचा. खेळाडूंना एका वाड्यात आणून बसवतात. त्यांतले मोजके गुपचूप गद्दार ठरतात, बाकीचे निष्ठावंत. (हे दोन शब्द मराठी वाचकाला हल्ली समजावून सांगावे लागत नाहीत.) रात्री गद्दार एकाचा ‘खून’ करतात, म्हणजे तो खेळातून बाद. दिवसा सगळे मिळून बक्षिसाची रक्कम वाढवणारी कामं करतात आणि मग गोल टेबलाभोवती बसून, मतदान करून, संशयिताला हाकलतात. शेवटपर्यंत एक गद्दार जरी टिकला, तरी सगळे पैसे त्याचे.

याचं मूळ ‘माफिया’ नावाच्या बैठ्या खेळात आहे. १९८६च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात दिमित्री डेव्हिडॉफ या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं तो रचला. टीव्हीवर आणला मार्क पॉस या डच निर्मात्यानं, २०२१ मध्ये. त्याला कल्पना सुचली ती ‘बटाव्हिया’ जहाजावरून. डच ईस्ट इंडिया कंपनीचं हे जहाज १६२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ फुटलं आणि बेटांवर अडकलेल्यांतल्याच एका टोळीनं शंभराहून अधिक सोबत्यांना ठार केलं. वेंगुर्ल्यात जिच्या वखारीचे अवशेष आजही उभे आहेत, तीच ही कंपनी.

खूनकथेत खुनी शेवटच्या पानावर सापडतो. इथे प्रेक्षकाला तो पहिल्याच भागात दाखवतात. त्यामुळे आपण सोफ्यावर बसून निष्ठावंतांच्या बावळटपणाला हसतो, पण हे हसणं अन्यायाचं आहे. त्यांच्याकडे ना ठसा, ना हत्यार, ना साक्षीदार. एकोणीस जणांत तीन गद्दार असतील, तर डोळे मिटून बोट ठेवणाऱ्या निष्ठावंताचा नेम सहात एकदाच लागणार. डोळे उघडून फारसा फरक पडत नाही. खोटं ओळखण्याबद्दलच्या शेकडो प्रयोगांचा २००६ मध्ये एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा माणसांचे अंदाज सरासरी ५४ टक्केच बरोबर निघाले. नाणं उडवलं तर ५० टक्के.

मग या खेळाच्या काही आवृत्त्यांत मुद्दाम प्रसिद्ध माणसं का आणायची? माझ्या मते, त्यांचे चेहरे आपल्याला आधीच पाठ असतात म्हणून, आणि खेळाची खरी गंमत तिथेच आहे. बीबीसीनं २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या आर्ड्रॉस कॅसलमध्ये एकोणीस नामवंतांना खेळवलं. त्यांत अभिनेते स्टीफन फ्राय होते, इतिहासकार डेव्हिड ओलुसोगा होते. तीन गद्दारांपैकी एक होता विनोदवीर ॲलन कार. त्याला घाम फुटायचा, हसू आवरायचं नाही, बोलताना तो अडखळायचा. पण त्याला वर्षानुवर्षं टीव्हीवर पाहिलेल्यांना त्यात वावगं काही दिसेना. ॲलन तर असाच असतो! त्यानं पालोमा फेथ या आपल्या मैत्रिणीचा ‘खून’ सगळ्यांच्या देखत केला. लिलीच्या फुलाचं ‘विष’ हाताला लावून तिच्या चेहऱ्यावरची बट बाजूला सारली, एवढंच. निष्ठावंत मात्र एकामागून एक आपलीच माणसं हाकलत राहिले. जिंकल्यावर ॲलन ढसाढसा रडला. ८७,५०० पौंड त्यानं निवडलेल्या धर्मादाय संस्थेला गेले, आणि ब्रिटनमध्ये एक कोटी दहा लाखांहून अधिक लोकांनी तो शेवटचा भाग पाहिला. पुरावे तपासण्यात हयात घालवलेले ओलुसोगा अखेरपर्यंत त्याच्या शेजारी होते.

आपल्याकडची आवृत्ती त्याच वर्षी जूनमध्ये प्राइम व्हिडिओवर आली. जैसलमेरचं सूर्यगढ, सूत्रधार करण जोहर, वीस खेळाडू. इथे मात्र शेवटचा गद्दार पकडला गेला. जिंकलेल्या दोघींपैकी उर्फी जावेद सगळ्यांना ठाऊक होती. दुसरी निकिता लूथर. तिचं नाव बहुतेकांनी तिथेच पहिल्यांदा ऐकलं. ती पोकर खेळते. २०१८ मध्ये पोकरच्या जागतिक मालिकेतलं मानाचं ब्रेसलेट तिनं मिळवलं होतं. पत्त्यांपेक्षा समोरच्याच्या तोंडाकडे पाहणं, हा तिचा रोजचा धंदा.