पदवीची वाट – ७ : भिजलेलं जर्नल

मेजर-मायनरचा गुंता या आठवड्यात सोडवायचं कबूल केलं होतं. तो पुढच्या खेपेला. तीन वर्षांची १३२ क्रेडिट्स कुठे पळून जात नाहीत. मध्येच कोकणातल्या एका आईचं पत्र आलं. परतीच्या पावसात लेकीचं रसायनशास्त्राचं जर्नल भिजलं, प्रॅक्टिकल परीक्षा पंधरा दिवसांवर, मैत्रिणीच्या जर्नलवरून रातोरात उतरवून काढलं तर चालेल का?

ताई, तसलं काही करू नका. आधी विभागप्रमुखांना गाठा. सर्टिफाईड जर्नल नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत हे खरं, पण मुंबई विद्यापीठाच्या कित्येक अभ्यासक्रमांत ते हरवल्यास विभागप्रमुखांकडून ‘लॉस्ट सर्टिफिकेट’ घ्यायची सोय लिहिलेली आहे. तुमच्या विद्यापीठाचं काय, ते तेच सांगतील. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे प्रयोगशाळेतले ३० तास. ते लेकीनं उभं राहून भरलेत, हजेरीपटावर आहेत.

आता ‘उतरवून काढणं’ या शब्दाचा मला राग का, ते सांगतो.

एका कॉलेजात एक्स्टर्नल म्हणून गेलो होतो. प्रयोग नेहमीचाच : पिपेटनं १० मिली ऑक्झॅलिक आम्ल, त्यात सल्फ्युरिक, साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करायचं आणि ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट. पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग जाता जात नाही. मग जरा मँगनीज आयन तयार झाले की तेच उत्प्रेरकाचं काम करतात आणि पुढचे थेंब पडताक्षणी विरतात. तीस वर्षं बघतोय, अजून डोळे हटत नाहीत.

दोन्ही द्रावणं ०.१ नॉर्मल, म्हणजे सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) १०.० मिली यायला हवं. बॅचभर तेच आलं होतं, तिन्ही रीडिंगं १०.०, १०.०, १०.०. एका मुलीचं मात्र १०.६, १०.६, १०.५. बिचारी रडवेली. ‘‘सर, माझं चुकलंय. परत करू?’’

मी परमँगनेटची बाटली मागवली. पांढऱ्या काचेची, खिडकीत उन्हात ठेवलेली, तळाला तपकिरी साका. उजेडानं परमँगनेट मोडतं, मँगनीज डायऑक्साइड खाली बसतं आणि द्रावण फिकं पडतं. मग तेवढ्याच आम्लाला ते जास्त लागतं. तिथेच उभं राहून स्वतः टायट्रेशन केलं. १०.६!

बाकीच्यांनी ब्युरेट वाचलंच नव्हतं. सीनियर्सच्या जर्नलमधला आकडा पाठ होता, तो लिहून मोकळे. त्यांना तरी काय बोलणार? आधी रफ वहीत लिहायचं, मग घरी जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात ‘फेअर’ करायचं, ही सवय आम्हीच लावली. फेअर करताना १०.६ चं १०.० व्हायला कितीसा वेळ लागतो! माझं चाललं असतं तर पहिलं रीडिंग थेट जर्नलमध्येच लिहायची सक्ती केली असती, आम्लाच्या डागांसकट.

तर ताई, भिजलेलं जर्नल फेकू नका. पंख्याखाली पानं सुटी करून वाळवा. उजवीकडच्या पानांवरची शाई फुटली असेल. डावीकडचे तक्ते पेन्सिलीनं काढलेले असतात आणि पेन्सिल पाण्यानं जात नाही. रीडिंगं तिथे असतील. विभागप्रमुखांकडे जाताना ते सोबत न्या.