इन्शुलिन कुठून येतं?

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आजीबाई येतात. त्यांच्या बारा वर्षांच्या नातवाला मधुमेह आहे. मधुमेह म्हणजे साखरेचा आजार. त्याला रोज इन्शुलिन टोचावं लागतं. एक दिवस आजीबाई म्हणाल्या, "गुरुजी, हे औषध डुकरापासून काढतात म्हणे. आम्ही माळकरी माणसं. सुई बंद करावी म्हणते."

आम्ही म्हटलं, "आजी, अशा मुलाची सुई बंद केली तर थोड्या दिवसांत जिवावर बेततं. आधी ऐकून घ्या." त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो.

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. तिथे इन्शुलिन तयार होतं. त्याच्यामुळे रक्तातली साखर अंगी लागते. काही मुलांच्या शरीरात ते बनणंच थांबतं. पूर्वी अशी मुलं वाळत जात आणि दगावत. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी जनावराच्या स्वादुपिंडातून हा रस काढला. जानेवारी १९२२ मध्ये तो लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला टोचला. पहिल्या खेपेला गुण आला नाही. रस अधिक शुद्ध करून पुन्हा टोचला, तेव्हा साखर उतरली. तो मुलगा पुढे तेरा वर्षं जगला.

तेव्हा आजीबाईंनी ऐकलं ते अगदीच खोटं नव्हतं. पुढची साठ वर्षं इन्शुलिन गाई-बैलांपासून आणि डुकरांपासूनच मिळे. पाव किलोभर औषधाला दोन टनांवर स्वादुपिंडं लागत.

मग बदललं काय? घर जसं विटांचं, तसं शरीर बारीक पेशींचं. जवळजवळ प्रत्येक पेशीत एकच पोथी असते. कोणता पदार्थ कसा बनवायचा ते तिच्यात लिहिलेलं असतं. त्या पोथीतली एकेक ओवी म्हणजे एकेक जनुक. पोथी सगळीकडे सारखी, पण वाचन वेगळं. डोळ्यातली पेशी इन्शुलिनची ओवी वाचत नाही. ती वाचतात स्वादुपिंडातल्या काही पेशी. वाचताना पेशी त्या ओवीची नक्कल उतरवते आणि नकलेवरून काम करते. शास्त्रज्ञ आता या नकला मोजतात. त्यावरून कोणत्या पेशीत कसलं वाचन चाललंय आणि आजारात कुठे बिघडलंय ते कळतं.

१९७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांनी इन्शुलिनची ओवी प्रयोगशाळेत जुळवली आणि जंतूंच्या पोथीत घातली. जंतू बिचारा काय जाणे! त्याने ती आपलीच समजून वाचली आणि माणसाचं इन्शुलिन बनवायला लागला. १९८२ साली तिथल्या सरकारने हे औषध मंजूर केलं. आज दवाखान्यात मिळणारं बहुतेक इन्शुलिन असंच होतं. मोठमोठ्या टाक्यांत जंतू वाढवतात, नाहीतर पाव फुगवायला लागतं ते यीस्ट.

पुढची गंमत तर माळकऱ्यांना लगेच कळेल. इन्शुलिन म्हणजे ५१ मण्यांची माळ. तिला दोन सर, एक २१ मण्यांचा, एक ३० मण्यांचा. टोचल्यावर या माळा सहा-सहांचा घोळका करून बसतात. घोळका फुटेपर्यंत वेळ जातो. म्हणून साधं इन्शुलिन जेवणाआधी अर्धा तास घेतात. शास्त्रज्ञांनी मोठ्या सरातल्या २८व्या आणि २९व्या मण्यांची अदलाबदल केली. एवढ्यानेच घोळका चटकन फुटायला लागला. हे इन्शुलिन १९९६ साली अमेरिकेत आलं. ते अगदी जेवायला बसताना घेता येतं. मात्र आपल्याला कोणतं आणि कधी, हे डॉक्टरच ठरवतील.

आजीबाईंनी विचारलं, "मग गोळी का देत नाहीत?" इन्शुलिन हे प्रथिन आहे, डाळीत असतं त्या जातीचं. तोंडाने घेतलं तर डाळीसारखं पचून जाईल. साखरेच्या आजारावर गोळ्या आहेत, पण त्या इन्शुलिनच्या नव्हेत. ज्याच्या अंगात इन्शुलिन बनतच नाही, त्याला सुईच हवी.

थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "घरात फ्रीज नाही. ठेवू कुठं?" आम्ही सांगितलं, मोठ्या मडक्यात ओली वाळू भरा, तीत लहान मडकं बसवा, बाटली पिशवीत घालून त्यात ठेवा आणि वर झाकण घाला. वाळू रोज भिजवा. मडकं सावलीत असू द्या, चुलीजवळ नको.