आधी थांबायला शिकवणारा

गिर्यारोहण किंवा स्कीइंग नवशिक्यांना शिकवणे हे स्वतः उत्तम चढण्याहून वेगळे काम आहे. कड्याच्या टोकाशी कधीच न गेलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सुखरूप खाली आणायचे आणि त्याची भीती ताब्यात ठेवायची, हे प्रशिक्षकाला साधावे लागते. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा असते.

अहिल्यानगर जिल्ह्यात अशा प्रशिक्षकांची गरज अकोले तालुक्यात ठळकपणे दिसते. राज्यातील सर्वोच्च, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि साम्रदजवळची सांदण दरी याच भागात आहेत. बारी, साम्रद, रतनवाडी, पाचनई येथील तरुण पर्यटकांना वाट दाखवतात. पाण्याच्या जागा, घसारा, धुक्यात चुकणाऱ्या वाटा त्यांना लहानपणापासून ठाऊक असतात. पण अनोळखी माणसाला दोरावरून उतरवणे ही शिकून घ्यायची विद्या आहे.

ही विद्या पद्धतशीर देणाऱ्या संस्था हिमालयात आहेत. दार्जिलिंगची संस्था १९५४ मध्ये, तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ मध्ये सुरू झाली. उत्तरकाशीचा पायाभूत अभ्यासक्रम २८ दिवसांचा असतो. त्यात गाठी, प्रस्तरारोहण आणि हिमनदीवरील चालणे शिकवतात. ‘अ’ श्रेणी मिळाली तरच तेवढ्याच मुदतीच्या प्रगत अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. तिथेही ‘अ’ श्रेणी आणि शिफारस मिळवणारे ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ या २१ दिवसांच्या प्रशिक्षक अभ्यासक्रमापर्यंत पोहोचतात. इथे उमेदवार स्वतः पाठ घेतो. त्याला किती चढता येते यापेक्षा समोरच्याला ते समजावून देता येते का, चूक वेळेत दिसते का, याला महत्त्व असते.

रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून उतरण्याचा, पहिला पाठ पाहिला की हे स्पष्ट होते. नवशिका भीतीने कड्याला बिलगतो आणि त्यामुळेच त्याचे पाय घसरतात. पाय फाकवून मागे झुकायचे आणि दोराचा खालचा भाग धरलेला हात कधीही सोडायचा नाही, हे त्याला सपाट जमिनीवर आधी घोटवून घ्यावे लागते. तो हात म्हणजे त्याचा ब्रेक. तो सुटलाच तर सावरण्यासाठी प्रशिक्षक दुसऱ्या दोराने बीले देतो. सह्याद्रीचा कातळ अनेक ठिकाणी ठिसूळ असल्याने एकाच खिळ्यावर भरवसा न ठेवता दोर एकाहून अधिक ठिकाणी बांधतात.

स्कीइंगमध्येही सुरुवात थांबण्यापासूनच होते. स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवली की वेग कमी होतो. या ‘स्नोप्लाऊ’वर पकड येईपर्यंत विद्यार्थ्याला मोठ्या उतारावर नेत नाहीत. महाराष्ट्रात बर्फ पडत नसल्याने त्यासाठी गुलमर्ग, औली किंवा मनालीला जावे लागते. मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत १४ दिवसांचे स्की अभ्यासक्रम पायाभूत, मध्यम, प्रगत अशा पायऱ्यांनी चालतात. परदेशातही पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र साधारणपणे नवशिक्यांना शिकवण्यापुरतेच असते.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे धोका संपला असे नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधील द्रौपदी का डांडा शिखरावर गिर्यारोहणाच्या प्रगत अभ्यासक्रमाच्या तुकडीवर हिमकडा कोसळला. त्यात प्रशिक्षणार्थींबरोबर प्रशिक्षकांचाही मृत्यू झाला. म्हणून प्रथमोपचार, बचावकार्य आणि हवामानाचा अंदाज यांचा सराव कायम ठेवावा लागतो, आणि गरज पडली तर मोहीम रद्द करण्याचे धैर्यही लागते.

अकोले तालुक्यातल्या तरुणांकडे डोंगराचे ज्ञान आहेच. त्याला अशा प्रशिक्षणाची जोड मिळाली तर गावातच सन्मानाचा रोजगार उभा राहू शकतो. पर्यटकांनीही सांदणमध्ये दोरावरून उतरण्यापूर्वी प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र आणि बीलेचा दुसरा दोर आहे का, हे जरूर विचारावे.