कॉनेमारा तट्टू-प्रदर्शन

आयर्लंडच्या गॉलवे परगण्यात दरवर्षी ऑगस्टमध्ये भरणारे, कॉनेमारा या देशी जातीच्या तट्टूंचे प्रदर्शन. जातीच्या संवर्धनार्थ १९२३ मध्ये स्थापन झालेल्या पैदासकार संस्थेने पहिले प्रदर्शन १९२४ मध्ये राउंडस्टोन येथे भरविले. प्रारंभी प्रदर्शनाचे स्थळ बदलत असे. फिरत्या स्थळामुळे विखुरलेल्या लहान पैदासकारांना आळीपाळीने जवळचे ठिकाण मिळते. मात्र मैदान, पाणी व निवारा यांची सोय दरवेळी नव्याने करावी लागते. स्थिर स्थळी ही अडचण टळते. पण दूरच्यांना प्रवास पडतो. १९४७ पासून क्लिफ्डेन हे कायमचे स्थळ ठरले. तेथील लोहमार्ग १९३५ मध्येच बंद झाला होता. तथापि ते कॉनेमारातील प्रमुख नगर असल्याने प्रदर्शन जातीच्या मूळ प्रदेशातच राहिले.