एक हार्ड डिस्क, दोन कॉम्प्युटर आणि ती दोन तोंडांची वायर

‘दोन तोंडांची वायर घ्यायची, एक तोंड या कॉम्प्युटरला, एक त्या कॉम्प्युटरला. हार्ड डिस्क दोन्हीकडं दिसती!’ हे वाक्य मी पुसेगावात इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकताच कपाळाला आठी पडते. (पुसेगाव म्हणजे साताऱ्याकडचं, सेवागिरी महाराजांचं नव्हे; आमचं, हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं.) सांगणारा ठामपणे सांगतो, ऐकणारा ऑनलाइन वायर मागवतो, आणि मग लग्नाचं शूटिंग उघडत नाही म्हणून धावपळ सुरू होते.

गरज खरी आहे, हे मान्य. फोटो स्टुडिओत एका कॉम्प्युटरवर व्हिडिओ मिक्सिंग चालतं, दुसऱ्यावर अल्बम बसवतात आणि सगळा माल एकाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये असतो. झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातही तीच गत. लग्नसराईत दिवसभर वायर काढा-घाला करून माणूस वैतागतो. पण वैताग आला म्हणून यूएसबीचे नियम बदलत नाहीत.

यूएसबीमध्ये मालक एकच असतो. १९९६ साली पहिलं यूएसबी मानक आलं तेव्हापासून रचना अशी आहे की हुकूम कॉम्प्युटरनं द्यायचा आणि हार्ड डिस्क, माऊस, प्रिंटर यांनी तो पाळायचा. एका कॉम्प्युटरला अनेक वस्तू जोडायला हब असतं. एका वस्तूला दोन कॉम्प्युटर जोडायची सोय हबमध्ये नाही. मग दोन तोंडांची वायर बाजारात मिळते ती कशासाठी? विजेसाठी. यूएसबी २.० चं एक पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज देतं, आणि काही हार्ड डिस्कना ती पुरत नसे. म्हणून दुसरं तोंड त्याच कॉम्प्युटरच्या शेजारच्या पोर्टात घालून जादा वीज घ्यायची. त्या दुसऱ्या तोंडातून बहुधा डेटा जातच नाही. ती दोन तोंडं दोन वेगळ्या कॉम्प्युटरांत खुपसली तर दोघांच्या विजेच्या लाइनी एकमेकींना जोडल्या जातात. पोर्ट जळालं तर दोष वायरचा नाही.

बटणाचा यूएसबी स्विच मिळतो, तो खरा आहे. पण तोही एका वेळी एकाच कॉम्प्युटरला जोडतो. बटण दाबलं की पहिल्या कॉम्प्युटरच्या लेखी कुणीतरी वायर उपटलेली असते. त्या क्षणी कॉपी चालू असेल तर ती फाइल गेली.

बरं, समजा चमत्कार झाला आणि डिस्क दोन्हीकडं एकदम जोडली गेली. तरी ती टिकणार नाही, आणि गंमत म्हणजे खरा घोळ इथंच आहे. डिस्कवर कुठली जागा भरलेली आणि कुठली रिकामी याची एक नोंदवही असते. कॉम्प्युटर ती वाचतो, स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि पुढं त्याच आठवणीवर काम करतो. डिस्क आपल्या एकट्याचीच, असं तो गृहीत धरतो. एका गावाला दोन तलाठी नेमले आणि दोघांनी आपापली प्रत घरी ठेवून फेरफार नोंदवले, तर एकच वावर दोन वेगळ्या माणसांच्या नावावर चढेल. इथंही तेच. पहिल्यानं हळदीचा व्हिडिओ रिकाम्या जागेत ठेवला, दुसऱ्याला ती जागा अजून रिकामीच वाटते, तो तिथं अल्बमचे फोटो लिहितो. नावं दोन्ही दिसतात, उघडत एकही नाही.

‘आम्ही दुसऱ्यावर नुसतं बघतो, लिहीत नाही’ हा पुढचा युक्तिवाद. तुम्ही लिहीत नसाल, विंडोज लिहितं. डिस्क जोडली की न विचारता स्वतःच्या नोंदी करतं.

शंका असेल तर मोठ्या कंपन्यांकडं पाहा. अनेक सर्व्हरनी एकच डिस्क वापरावी म्हणून व्हीएमवेअरला व्हीएमएफएस, रेड हॅटला जीएफएस२, ओरॅकलला ओसीएफएस२ अशा वेगळ्या फाइल-व्यवस्था, म्हणजे नोंदवही ठेवायच्या पद्धती, चालवाव्या लागतात; मायक्रोसॉफ्टनंही विंडोज सर्व्हर २००८ आर२ मध्ये त्यासाठी खास सोय आणली. वायरीनं भागलं असतं तर यांनी हा खटाटोप केला नसता. आपल्या डिस्कवर असतं एनटीएफएस किंवा एक्सफॅट. त्यांत ही सोय नाही.

मग करायचं काय? डिस्क एकाच कॉम्प्युटरला लावून ठेवा आणि तिथलं फोल्डर नेटवर्कवर शेअर करा. दुसरा कॉम्प्युटर डिस्कला हात लावत नाही, पहिल्याकडं फाइल मागतो. नोंदवही एकाच्याच हातात राहते. पहिल्या कॉम्प्युटरच्या खात्याला पासवर्ड मात्र ठेवा; पासवर्ड नसलेल्या खात्यानं विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही, आणि ‘शेअरिंग चालतच नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा एवढंच असतं. पहिला कॉम्प्युटर स्लीपमध्ये जाणार नाही अशी सेटिंगही करा.

‘पण आमच्याकडं नेट सारखं जातं’ असं लगेच कुणीतरी म्हणतं. इंटरनेटचा इथं संबंधच नाही! दोन्ही कॉम्प्युटर ज्याला जोडलेत त्या राउटरला किंवा नेटवर्क स्विचला (बटणाच्या यूएसबी स्विचला नव्हे) वीज असली की बस्स. ‘स्लो चालतं’ ही तक्रार मात्र अर्धी खरी. जुन्या राउटरचं पोर्ट १०० मेगाबिटचं असेल तर सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर वेग मिळत नाही. गिगाबिट स्विच आणि बरी लॅन केबल असेल, दोन्ही कॉम्प्युटरांची पोर्टंही गिगाबिट असतील, तर ११० एमबीच्या आसपास मिळतो. साध्या फिरत्या हार्ड डिस्कचा वेगही साधारण तेवढाच असतो. एक काळजी राहतेच: एकच फाइल दोघांनी एकदम उघडू नये. वर्ड-एक्सेल ‘फाइल वापरात आहे’ असं बजावतात, सगळे प्रोग्रॅम बजावत नाहीत. शेवटी सेव्ह करणाऱ्याचं काम राहतं, आधीच्याचं पुसतं.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘सेफली रिमूव्ह आता लागत नाही’: विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून धोका कमी झाला, पण कॉपी चालू असताना वायर ओढली तर नुकसान होतंच. ‘मॅकवर डिस्क खराब दाखवते’: खराब नाही; मॅक एनटीएफएस वाचतं, त्यावर लिहीत नाही. दोन्हीकडं न्यायची असेल तर एक्सफॅट करा, अर्थात आधी डेटा दुसरीकडं काढून. ‘जागा असून मोठी फाइल बसत नाही’: डिस्क फॅट३२ असेल, तिथं एक फाइल ४ जीबीपर्यंतच जाते. ‘एक टीबी म्हणून ९३१ जीबीची डिस्क खपवली’: दुकानदारानं फसवलं नाही, कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

आणि ‘फॉर्मॅट करा’ अशी पाटी आली म्हणजे डिस्क संपली, हाही गैरसमजच. पुष्कळदा या कॉम्प्युटरला ती फक्त वाचता येत नसते. कॅन्सल दाबा, डिस्क बाजूला काढा आणि जाणकाराला दाखवेपर्यंत तिच्यावर काहीही लिहू नका. वायर मागवलीच असेल तर परत करून गिगाबिट स्विच घ्या, आणि लोकांच्या लग्नांचं शूटिंग ज्या एकाच डिस्कमध्ये ठेवलंय, तिची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर आजच काढा.